घंटीवाले सायब, ग्लासवाले सायब आणि आमची बालवाडी

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ठोकळे धुतले. आमच्या बालवाडीतले लाकडी ठोकळे. पोरं ते चाटतात, चावतात, एकमेकांच्या नाकात घालायला बघतात, म्हणून दर शनिवारी टबात साबणाचं पाणी करायचं, मी घासायचे आणि माझ्या बायकोनं, महानंदानं, पुसून बाजेवर वाळत घालायचे, अशी आमची वाटणी होती. मी नेहमीसारखी कुरकुर केली की पोरांच्या आयांना सांग, तोंडात घालू देऊ नका म्हणावं.

ती म्हणाली, "त्या वयात पोरगं तोंडानंच बघतं. डोळ्यांवर भरवसा नसतो त्याचा अजून."

मी म्हटलं, "मग चष्मा घाला म्हणावं."

"तुमी घासा गप. आणि सोमवारी समूची आई जाणार हाय, सांगून जाणार हाय. तुमी मधी तोंड घालायचं न्हाय."

मी बरं म्हटलं. भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झोपलो. रविवारी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. तिला झाला नसेल.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा होतो. ही बाई सगळा जन्म पोरांच्या आयांना सांगत आली की पोराची नजर चुकवून जाऊ नका, सांगून जा. आणि स्वतः कशी गेली ते वर लिहिलंच आहे. त्यावर माझं तिच्याशी भांडण आहे, ते मी माझं बघून घेईन.

आता मी कोण ते सांगतो. नाव सिद्राम, गाव मैंदर्गी, घरात कानडी आणि दारात मराठी. शाळा चौथीपर्यंत. सोलापुरात येऊन रिक्षा घेतली आणि गुडघे जाईपर्यंत शाळेची पोरं वाहिली. या अंकाचे संपादक माझ्याच रिक्षात बसून शाळेला जायचे, आणि रोज एक बूट विसरायचे. ते परवा भेटायला आले आणि म्हणाले, "मामा, बालमानसशास्त्रावर लिहा." मी म्हटलं, मला ते शास्त्र येत नाही, रिव्हर्स गिअर येतो. ते म्हणाले, "मामींचं जे ऐकलंय ते लिहा." म्हणून हे लिहितोय. शुद्धलेखन त्यांनीच बघावं, बूट मी बघितले.

महानंदा दहावी शिकलेली. लग्नानंतर बार्शीला राहून बालवाडीचा कोर्स केला आणि पुढं जुळे सोलापूरच्या कडेला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. कोर्समध्ये तिला परदेशातल्या मोठमोठ्या माणसांचे सिद्धांत शिकवले होते. त्यांची नावं ती घडाघडा म्हणायची, माझ्या जिभेवर एकही टिकलं नाही. मी माझ्या सोयीनं ठेवून घेतली. कुत्र्यापुढं घंटी वाजवणारे ते घंटीवाले सायब. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतणारे ग्लासवाले सायब. पोरांसमोर बाहुलीला बदडून दाखवणारे बाहुलीवाले सायब. महानंदाला हे आवडायचं नाही. पण तीसुद्धा पुढं पुढं म्हणायला लागली, "आज तुमच्या घंटीवाल्यांचं वाचत होते."

सगळ्यात आधी मला पटले ते घंटीवालेच. त्यांचं म्हणणं असं, की कुत्र्याला खायला देताना दरवेळी घंटी वाजवली, तर पुढं नुसती घंटी ऐकूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मी म्हटलं, यात काय मोठं, आमच्या गावात कुणालाही विचारा. पण मग ओंकारची भानगड झाली.

ओंकार पहिलीतला, गोल चेहऱ्याचा, शांत. त्याच्या दारात मी सकाळी हॉर्न द्यायचो, आणि हॉर्न ऐकला की तो आत पळायचा. संडासला. रोज. बाकीची पोरं रिक्षात बोंबलायची, त्याची आजी दारात उभी राहून म्हणायची, "आला, आला, बसलाय." मी वैतागलो. एकदा रविवारी दुसरं भाडं घेऊन त्या गल्लीतून चाललो होतो, आडवं कुत्रं आलं म्हणून हॉर्न दिला, तर मागून आजीची हाक आली, "अवो मामा, आज सुट्टी हाय की, कशाला वाजवला? पोरगं जेवता जेवता उठून पळालं."

घरी येऊन सांगितलं तर महानंदा हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "घंटी झाली तुमची." मला वाटलं विषय संपला. पण मे महिन्याची सुट्टी लागली आणि ओंकारचे वडील स्कूटर काढून आमच्या घरी आले. बँकेतले गृहस्थ, इस्त्रीचे कपडे. चहा घेतला, ऊन किती पडलंय ते बोलले, आणि मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "मामा, एक विनंती होती. शाळा बंद झाल्यापासून ओंकारचं पोट साफ होत नाही. सकाळी आमच्या गल्लीतून जरा हॉर्न देऊन जाल का?"

गेलो. काय करणार. सकाळी रिकामी रिक्षा काढायची, त्यांच्या दारात हॉर्न द्यायचा, आजीनं आतून "झालं" म्हणून सांगितलं की परत फिरायचं. शेजारी विचारायचे, मामा, सुट्टीत कुणाला सोडता? मी म्हणायचो, सोडायलाच येतो. शेवटी महानंदानं सोडवणूक केली. हॉर्नच्या आधी आजीनं गरम पाण्याचा पेला द्यायचा, मग हॉर्न हळूहळू कमी करायचा आणि पेला ठेवायचा. जून उजाडेपर्यंत पोरगं पेल्यावर आलं. परवा तिच्या मातीला ओंकार आला होता. इंजिनिअर झालाय, दाढी ठेवलीय. मी त्याला विचारणार होतो, पण ती वेळ नव्हती.

आता समूचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. समू म्हणजे समृद्धी, चार वर्षांची होत आलेली. तिची आई शिल्पा. नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. शिल्पाला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात काम लागलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. पण समू आईचा पदर सोडायची नाही. आई मोरीत गेली तरी दार बडवायची. आधीच्या दोन बालवाड्यांनी पोरगी परत पाठवली होती, कारण ती रडायला लागली की बाकीची पोरंही साथीला रडायची आणि बाया कानावर हात ठेवून बसायच्या. पोरगी राहिली नाही तर काम गेलं, आणि काम गेलं तर शिल्पाला बार्शीला भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली जाऊन राहावं लागणार होतं. हे ती महानंदासमोर एकदाच बोलली आणि परत बोलली नाही.

मी म्हटलं, "यात काय अवघड हाय? मी करतो." कारण पोराची नजर चुकवणं ही माझी कला होती. शाळेच्या फाटकात पोरगं आईला चिकटलेलं असलं की मी वर बोट करून म्हणायचो, "ते बघ माकड." पोरगं वर बघायचं, आई गल्लीत गडप. सगळ्या सोलापुरात असंच करतात. कुणी माकड दाखवतं, कुणी विमान.

महानंदा म्हणाली, "आणि तुमचा तो अथर्व?"

अथर्व माझ्याच रिक्षातला. त्याला मी माकड दाखवलं होतं. त्यानंतर वर्षभर त्या पोराला कुणी "ते बघ" म्हटलं की ते बघायचं नाही, आधी जवळच्या माणसाला दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. एकदा शाळेच्या भिंतीवर खरोखरचं माकड आलं. सगळी शाळा बाहेर येऊन बघतेय, आणि हे पोरगं डोळे मिटून माझा खमीस धरून उभं. माकड डबा घेऊन गेलं तोही त्याचाच.

"ज्याला एकदा फसवलं ते पोरगं कायम पहारा देतं," महानंदा म्हणायची. "आई जाते म्हणून ते रडत न्हाय. कधी गायब होईल त्याचा भरवसा न्हाय म्हणून रडतं."

तिची कामाची रीत अशी. पहिल्या दिवशी शिल्पाला समूच्या अगदी शेजारी सतरंजीवर बसवलं. मग खिडकीपाशी. मग उंबऱ्यावर. मग पायरीवर. रोज थोडी थोडी दाराकडं सरकवायची, आणि दरवेळी समूला सांगून. "आता आई पायरीवर बसणार. हाक मारली की ओ देणार." समू हाक मारायची, शिल्पा ओ द्यायची. दिवसभर तेवढंच. शेवटी शिल्पाला गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बसवलं, तेव्हा तिथं बसणारी भाजीवाली मला म्हणाली, "मामा, ही कुणाची सून? भांडून बाहेर काढली का काय?" मी म्हटलं, शिक्षण चालू हाय. ती म्हणाली, "कुणाचं?"

एवढं सरकवून झालं होतं. एकच पायरी उरली होती, सोमवारची.

बाहेरच्या माणसाला वाटतं शाळेची रिक्षा चालवणं म्हणजे हँडल फिरवणं. हँडल काय, माकडही फिरवेल. खरं काम म्हणजे कुणाला कुठं बसवायचं. मागच्या सीटवर मोठी पोरं, त्यांच्यासमोर आडवी लाकडी फळी, तिच्यावर बारकी, दप्तरं बाहेर हुकाला. जो लई मस्ती करेल त्याला मी उचलून पुढं माझ्याशेजारी बसवायचो, शिक्षा म्हणून. नंतर त्यावर बंदी आली, पण तेव्हा चालायचं. तर माझ्या रिक्षात मस्ती काही केल्या कमी होईना. उलट साधी साधी पोरं बिघडायला लागली. एक मुलगी होती, पुजाऱ्याच्या घरची, देवासारखी. तिनं एक दिवस काही कारण नसताना शेजारच्याची टोपी रस्त्यावर फेकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, आता मी पुढं येऊ?"

महानंदानं कपाळाला हात लावला. "अवो, पुढं बसलं की वारा लागतो, हॉर्न दाबाय मिळतो, सगळा रस्ता दिसतो. तुमी शिक्षा न्हाय, बक्षीस वाटताय. जो शांत बसेल त्याला पुढं घ्या."

घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रिक्षात चिडीचूप. इतकी शांतता, की मी चौकात मागं वळून बघितलं, पोरं आहेत का राहिली. पण मग दुसरं दुखणं सुरू झालं. आवाज बंद आणि तक्रारी चालू. "मामा, हा बोलला." "मामा, हिनं खोकलं." "मामा, हा श्वास जोरात घेतोय." तेव्हा मी महानंदाला म्हटलं, तुझ्या सायबांनी कधी रिक्षा चालवली होती का? ती म्हणाली, "न्हाय. म्हणून तर त्यांचं डोकं शाबूत राहिलं."

बाहुलीवाल्या सायबांनी मात्र माझी अब्रू घेतली. मोठी माणसं जे करतात ते पोरं उचलतात, सांगितलेलं कानाआड करतात, एवढाच त्यांचा सिद्धांत. जुळे सोलापुरातल्या एका साहेबांची नात माझ्या रिक्षात होती, तिनं जेवताना आजोबांना म्हटलं, "अय, खटारं बाजूला घे की, बापाचा रस्ता हाय का?" आजोबांपुढं भाजीचं पातेलं होतं. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला बोलावून अगदी शुद्ध भाषेत झाडलं. तेव्हापासून मी रस्त्यावर भाज्यांच्या नावानं शिव्या द्यायला लागलो. कुणी आडवा आला की "अय दोडक्या." पुढं माझ्या पोरांनी सिग्नलच्या पोलिसाला मिळून दोडका म्हटलं, ती गोष्ट इथं नको. तो पोलीस अजून ओळख ठेवून आहे.

ग्लासवाल्या सायबांबद्दल मी मत देणार नाही. बसक्या पेल्यातलं ताक उंच ग्लासात ओतलं तर बारकं पोरगं म्हणतं ताक वाढलं. महानंदानं हा प्रयोग माझ्यावर केला. मला माहीत होतं ताक तेवढंच आहे. तरी मी उंच ग्लास उचलला. ती म्हणाली, "तुमी अजून पहिलीत गेला न्हाय."

असं आमचं चालायचं. मी हसायचो तिच्या सायबांना, आणि रिक्षात जाऊन त्यांचंच करायचो. हे मी तिला कधी बोललो नाही. तिला कळलं असणारच, पण सांगायला पाहिजे होतं.

तर सोमवार. घर पाहुण्यांनी भरलेलं. बालवाडी बंद म्हणून सगळ्यांना निरोप गेला होता, तरी ज्यांच्या आया कामाला जातात अशी दोन-तीन पोरं आलीच, आणि माणसांच्या पायांतून वाट काढत आपापल्या जागी जाऊन बसली. मग शिल्पा आली. चांगली साडी, डोळे सुजलेले, कडेवर समू. दारातूनच म्हणाली, "मामा, मी फक्त भेटाय आले. समूला परत नेते. कारखान्यात फोन करून न्हाय म्हणते."

मी म्हटलं, "आत ये. सतरंजी घालतो."

माझी थोरली बहीण मैंदर्गीहून आलेली. आम्ही अक्का म्हणतो. ती कडाडली, "सिद्राम, काल बायकोला माती दिलास आणि आज बालवाडी?"

"आपल्या लिंगायतात सुतक न्हाय, तूच सांगतीस की."

"सुतक न्हाय म्हणून लाज बी नसावी व्हय? सुम्कं कुंद्रु." म्हणजे गप बस.

मी बसलो नाही. समू कडेवरून उतरली, सगळीकडं बघितलं आणि विचारलं, "बाई कुटं हायत?"

अक्का लगेच गोड आवाजात म्हणाली, "गावाला गेल्यात गं बाळ. येतील हं."

समू गेली आणि उंबऱ्यावर बसली, गल्लीकडं तोंड करून. गावाला गेलेलं माणूस येतं. ही पोरगी आता रोज तिथं बसणार, आणि तिच्यामागं तिची आई.

गुडघ्याला हात लावत मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, "अक्काला नीट माहीत न्हाय. बाई मेल्या."

शिल्पानं तोंडाला पदर लावला. समू म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे त्यांचा श्वास थांबला. आता त्या येणार न्हाईत."

"उद्या?"

"उद्या बी न्हाय."

"रविवारी?"

"न्हाय."

"मग दिवाळीला."

"दिवाळीला बी न्हाय."

महानंदा म्हणायची, या वयात मेलेलं माणूस परत येतं असंच पोरांना वाटतं, ती सारखी विचारणार, आणि आपण कंटाळायचं नाही, दरवेळी तेच सांगायचं. मी सांगत होतो. समूनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मला सांगून गेल्या न्हाईत."

"मला बी न्हाय," मी म्हटलं.

मग समू माझ्याकडंच बघत राहिली. शिल्पानं ती संधी साधली, मला डोळ्यांनी खूण केली आणि चपलेत पाय घातला. माझी जन्माची कला समोर चालून आलेली. वर बोट करायचा अवकाश होता.

मी म्हटलं, "शिल्पा, सांगून जा."

ती पुढं आली, खाली बसली आणि म्हणाली, "समू, मी कामाला चालले. पोरांचं खाऊन झालं की येते." आज नुसती कागदपत्रं द्यायची होती, दुपारच्या आत परत. एवढं बोलून ती निघाली, चालत, मागं वळून हात करत, समूला दिसेल अशी.

पोरीनं आभाळ डोक्यावर घेतलं. मला लाथा घातल्या, खमिसाचं बटण तोडलं. अक्का साखर घेऊन धावली, कुणी मोबाईलवर कार्टून लावून पुढं धरलं. मी म्हटलं, "कुणी काही दाखवायचं न्हाय. रडू द्या." पाहुणे माझ्याकडं असे बघत होते की याचं डोकं फिरलं. आतल्या पोरांपैकी एकजण बाहेर येऊन म्हणाला, "मामा, ही लई रडते." मी म्हटलं, "तू हिच्यापेक्षा लई रडायचास." तो खूश होऊन आत गेला.

मी काही केलं नाही. नुसता बसून राहिलो. तिनं विचारलं, आई कधी येणार, की सांगायचो, खाऊन झालं की. परत विचारलं, परत सांगितलं. हळूहळू हुंदके लांब लांब पडायला लागले. आतून पोहे आले. खाता खाता तिला पायरीच्या फटीत मुंग्या दिसल्या, आणि तिनं एक पोहा मुंग्यांना दिला.

शिल्पा आली ती पळतच, घामानं भिजलेली. समूनं मान वर केली. "आलीस व्हय," म्हणाली आणि परत मुंग्यांकडं वळली.

शिल्पा दारात तशीच उभी. तिचं तोंड उतरलं. "मामा, ही पळत आली न्हाय."

"हेच पाहिजे हुतं की तुला."

"पाहिजे हुतं," ती म्हणाली. "पण इतकं न्हाय."

अक्का पदराआडून फिस्सकन हसली, आणि हसली म्हणून रडायला लागली. मला वाटलं हे सगळं आत जाऊन महानंदाला सांगावं. उठलोसुद्धा. उभा राहिल्यावर लक्षात आलं.

तेव्हा मी पोरांना म्हटलं, "मी आत जाऊन जरा रडून येतो."

समूनं मुंग्यांवरची नजर काढली नाही. "परत येणार ना?"

"येणार."

"बरं, जावा," ती म्हणाली.

मी आत गेलो.